कटकट कोणाची?

शालेय व्याकरणाच्या पुस्तकात ध्वनिदर्शक शब्दांची एक यादी असते. घंटांचा घणघणाट, नाण्यांचा छनछनाट, पानांची सळसळ, पक्ष्यांचा किलबिलाट, विजांचा कडकडाट. डावीकडे वस्तू, उजवीकडे तिचा आवाज. जोड्या लावा आणि गुण मिळवा. ही यादी आम्ही पाठ केली, आमच्या विद्यार्थ्यांनी पाठ केली आणि स्पर्धा परीक्षांच्या निमित्ताने ती पुढेही पाठ होत राहील. या यादीचे वैशिष्ट्य असे, की तिच्यात वस्तू आधीच ठाऊक असते. घंटा डोळ्यांसमोर टांगलेली आहे. तिच्या आवाजाला काय म्हणतात एवढेच आठवायचे आहे. प्रत्यक्ष जीवनात निकडीचा प्रश्न नेमका उलट असतो. आवाज कानी पडतो आणि वस्तू ठाऊक नसते. मध्यरात्री माळ्यावर काय वाजले, तान्ह्या मुलाच्या छातीत काय घरघरते, चालत्या मोटारीच्या पुढच्या चाकाशी काय कटकटते? वस्तूकडून आवाजाकडे जाणारी मराठी आपण शिकवतो; आवाजाकडून वस्तूकडे जाणारी मराठी शिकवत नाही. ही दुसरी मराठी अस्तित्वात आहे, समृद्ध आहे, आणि ती न वापरल्याची किंमत माणसे पैशाने व प्रसंगी जिवाने मोजतात, असे आमचे म्हणणे आहे. प्रस्तुत लेखात ते मोटारीच्या सस्पेन्शनच्या आधाराने मांडण्याचा विचार आहे.

वाङ्मयीन चर्चेत सस्पेन्शन कशाला, असे सुज्ञ वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर भूगोलात आहे. आम्ही दोघे यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजीला मराठी शिकवतो. हा कापसाचा आणि काळ्या मातीचा मुलूख. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात हात खोल भेगा पडतात. तिच्यावर घातलेला रस्ता तिच्याबरोबर फुगतो नि खचतो. कडा तुटतात, मध्ये लाटा उठतात. त्यात कापसाच्या हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या जड वाहनांची रांग. अशा रस्त्यावर मोटारीचा जो भाग सर्वाधिक सोसतो, तो म्हणजे सस्पेन्शन. कुठेतरी काहीतरी वाजत नाही अशी चारपाच वर्षांची गाडी आमच्या तालुक्यात दाखवून द्यावी! मोठी कार्यशाळा गाठायची तर यवतमाळ नाहीतर नागपूर. एक दिवस जातो, रजा जाते आणि इंधन जळते. त्यामुळे 'काय वाजते आहे' हा प्रश्न इकडे केवळ कुतूहलाचा नाही, संसाराच्या जमाखर्चाचा आहे.

दुसरे उत्तर भाषेत आहे, आणि तेच या लेखाचे खरे कारण होय. तथापि त्याआधी यंत्राची थोडी ओळख करून घेणे आवश्यक आहे.

'सस्पेन्शन' या शब्दाला कोणी 'निलंबन' असा प्रतिशब्द सुचवला, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे खातेनिहाय चौकशी उभी राहील; म्हणून रूढ शब्दच बरा. चाके आणि गाडीचे अंग यांच्या मधोमध असलेली ही सगळी जुळणी. स्प्रिंग गाडीचा भार तोलते आणि धक्का गिळते. धक्का गिळल्यावर ती वरखाली नाचत राहू नये म्हणून तिला आवर घालतो तो शॉकॲब्सॉर्बर, गॅरेजच्या भाषेत 'शॉकप'. चाकाला जागेवर धरून वरखाली होऊ देतो तो लोअर आर्म. त्याच्या एका टोकाला रबरी बुश आणि दुसऱ्या टोकाला वाटीत बसवलेला पोलादी गोळा, म्हणजे बॉल जॉइंट. याखेरीज डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी बांधणारी एक वळवलेली पोलादी दांडी असते. वळणावर गाडी एका अंगाला कलू लागली, की ही दांडी पिळली जाते आणि त्या कलण्याला विरोध करते. दांडीची टोके ज्या दोन छोट्या कांड्यांनी चाकांच्या बाजूला जोडलेली असतात, त्यांना 'लिंक रॉड' म्हणतात. अॅम्बॅसडर आणि पद्मिनी यांच्या मागच्या चाकांना पोलादी पाटे होते. पाट्यांची कुरकुर हा त्या गाड्यांचा स्वभावच मानला जाई. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि स्प्रिंग नि शॉकप एकाच खांबात बसवलेली पुढच्या चाकांची रचना मध्यमवर्गाच्या दारात पोहोचली. सांधे वाढले, रबर वाढले आणि आवाजाच्या जागाही वाढल्या. आता विजेवर चालणाऱ्या गाड्यांत इंजिनाचा आवाज मुळातच नाही. त्यामुळे पूर्वी त्याखाली झाकली जाणारी बारीकसारीक कटकट अधिकच उघडी पडते.

या आवाजांचा एक मोठा अवगुण असा, की ते जिथे जन्मतात तिथे ऐकू येत नाहीत. सैल सांध्याचा ठोका लोखंडातून प्रवास करतो आणि पत्र्याचा जो भाग त्या ठोक्याने थरथरतो, तिथून आपल्या कानी येतो. चालकाच्या पायाशी वाजणारे मूळ पलीकडच्या चाकाशी असू शकते. अनेकदा तर ते सस्पेन्शन नसतेच. डिकीतला जॅक, सुटलेली नंबर प्लेट, धुरांड्यावरचा पत्रा, बॉनेट टेकवायची सळई हे सगळे उत्तम बहुरूपी आहेत. म्हणूनच डोळ्यांनी शोधण्याआधी कानांनी आणि प्रश्नांनी शोधावे लागते.

येथे आमच्या अनुभवातील एक उदाहरण देतो. आम्ही दोघे ज्या गाडीतून महाविद्यालयात जातो, तिच्या पुढच्या डाव्या अंगाला आवाज येऊ लागला. मोठ्या शहरातील एका अधिकृत सेवा केंद्रात गाडी नेली. हळू वेगात, तुटक्या रस्त्यावर, डावीकडून, कोरडी आणि भराभर अशी कटकट होते. हमरस्त्यावर वेगात असताना होत नाही, असे आम्ही सांगितले. तक्रार लिहून घेणाऱ्या तरुणाने ते शांतपणे ऐकले आणि संगणकात तीन शब्द टंकले : 'फ्रंट साइड नॉईज'. आमच्या वाक्यातील प्रत्येक विशेषण एक एक पुरावा होता. ते सगळे पुरावे त्या तीन शब्दांत गळून पडले. ज्या कारागिराने गाडी पाहिली, त्याच्यापर्यंत ते तीनच शब्द गेले. त्याने जे सर्वात सामान्य ते केले, म्हणजे पुढचे दोन्ही शॉकप बदलले. देयक काही हजारांचे झाले. कटकट होती तशीच राहिली. दुसऱ्या खेपेस गाडी एका बाजूने जॅकवर उचलून, सांधे हलवून पाहण्यात आले आणि 'काही सैल नाही' असा निर्वाळा मिळाला.

पुढे घाटंजीतीलच एका मेकॅनिककडे गाडी दाखवली. त्याने गाडीला हात लावण्यापूर्वी प्रश्न विचारले, आणि ते प्रश्नच या लेखाचे बीज होय. "सर, आवाज टोला मारते का घासते?" टोला मारतो. "एकडाव मारते का मारतच राह्यते?" मारतच राहतो. "ब्रेकवर हलकासा पाय ठेवला तं थांबते काय?" नाही थांबत. "दोन्ही चाकं संगंच चढवली तं वाजते, का एकएक चढवलं तं?" या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून तो आमच्यासोबत गाडीत बसला. जवळच्याच गतिरोधकावरून गाडी आधी सरळ नेली, मग तिरकी नेली. सरळ नेली तेव्हा शांतता. तिरकी नेली तेव्हा कटकट.

एवढ्यावरून अर्धा शोध पुरा झाला. दोन्ही चाके एकदम वर चढली, तर त्यांना जोडणारी दांडी पिळली जात नाही. एक चढले आणि एक खाली राहिले, तरच ती पिळली जाते. म्हणजे आवाज दांडीच्या कुटुंबातला. त्याचा पहिला तर्क असा, की दांडीला गाडीच्या अंगाशी धरणारे रबर घासत असावे. साबणाचे पाणी मारून पाहिले. काही फरक पडला नाही. तो तर्क त्याने तिथेच सोडून दिला. मग दोन्ही लिंक रॉड सोडवले आणि गाडी त्याच तुटक्या पट्ट्यावरून अगदी हळू फिरवली. आवाज नाही. शेवटी दोन्ही बाजू सारख्या उचलून लिंक रॉड हातांनी हलवले, तेव्हा डाव्याचा गोळा वाटीत खुळखुळताना स्पष्ट जाणवला. मग शहरात तो का सापडला नाही? एकाच बाजूने जॅक लावला, की दांडी पिळली जाते, लिंक रॉड ताणला जातो, आणि ताणलेला सांधा सैल असूनही हलत नाही. मेकॅनिकच्या शब्दांत सांगायचे तर, "गळा दाबून धरला तं ते काहाले बोलन?" नव्या लिंक रॉडची किंमत शॉकपच्या तुलनेत किरकोळ होती.

ही कथा 'शहरी अडाणी आणि ग्रामीण ज्ञानी' अशा ठरावीक साच्यात कोणी ओतू नये, एवढी विनंती आहे. मोठ्या कार्यशाळेत लिफ्ट असते, मोजून आवळणारा पाना असतो, कारखान्याच्या सूचना असतात. आणि या गोष्टींना पर्याय नाही. लोअर आर्मचे रबरी बुश चाके लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली टेकताच ते पिळलेल्या अवस्थेत राहते आणि अकाली फाटते. गाडीचा भार चाकांवर घेऊनच ते आवळावे लागते. ही गोष्ट पुस्तकात असते आणि रस्त्याकडेच्या गॅरेजांत ती हटकून पाळली जातेच असे नाही. रबराला साधे ग्रीस चोपडून तात्पुरता आवाज बंद करायचा आणि काही महिन्यांत ते रबर फुगून निकामी व्हायचे, हेही इकडचेच चित्र. तेव्हा प्रश्न गाव विरुद्ध शहर असा नाही. प्रश्न असा आहे, की एका ठिकाणी ऐकलेल्या आवाजाचे शब्द शेवटपर्यंत जिवंत राहिले आणि दुसऱ्या ठिकाणी ते पहिल्याच कागदावर मेले.

आता त्या शब्दांकडे वळू. मेकॅनिकने विचारलेला प्रत्येक प्रश्न मराठी ध्वनिदर्शक शब्दांच्या घडणीत आधीच दडलेला आहे, असे आमचे निरीक्षण आहे. हे शब्द म्हणजे निसर्गाची भाबडी नक्कल नव्हे. त्यांच्यात एक वर्गीकरण आहे. 'कट', 'खट', 'ठक', 'टण' हे आघाताचे शब्द : कठीण वस्तू कठीण वस्तूवर आदळली. त्यातही 'टण' म्हटले की धातू निनादतो आणि 'ठक' म्हटले की तो निनाद दबलेला असतो. 'धप' मऊ किंवा पोकळ वस्तूचा. 'कर', 'चर', 'कुर' हे घर्षणाचे : दोन पृष्ठभाग एकमेकांवर ओढले जात आहेत. 'घर' आणि 'गुं' हे फिरण्याचे. 'खुळ' म्हटले की एखादी वस्तू दुसऱ्या वस्तूच्या पोटात सुटी आहे; 'खुळखुळा' हे खेळण्याचे नावच त्यावरून पडले.

धातूनंतर प्रत्यय पाहावेत. 'खट्‌कन' किंवा 'खट्‌दिशी' म्हणजे एकदाच. 'खटखट' म्हणजे पुन्हा पुन्हा. 'खडखडाट' म्हणजे तेच, पण जोराने आणि सर्वांगाने. एकदाच की वारंवार, हा फरक सस्पेन्शनच्या निदानात फार मोलाचा असतो. ब्रेक दाबताना एकदा आणि सोडताना एकदा 'खट्‌कन' होत असेल, तर लोअर आर्मचे बुश किंवा बॉल जॉइंट यांच्याकडे संशयाची सुई वळते, कारण त्या वेळी चाक मागेपुढे ओढले जाते. लहान लहान खड्ड्यांवर भराभर 'कटकट' असेल, तर लिंक रॉड. ब्रेकला पाय टेकवताच खडखड थांबली, तर चोर ब्रेकच्या पॅडमध्ये. मोठ्या खड्ड्यात 'धप्प' होत असेल, तर खांबाच्या वरचे रबरी माउंटिंग किंवा शॉकप. उभ्या गाडीचे स्टीअरिंग फिरवताना 'टण्ण' वाजले, तर स्प्रिंग वरच्या बैठकीत अडकून सुटते आहे. 'करकर' कोरड्या दिवसांत आहे आणि पावसात गायब, तर रबर सुकले आहे. एकेका बुशावर पाणी शिंपडत गेले, की कोणते ते कळते. वेगाबरोबर वाढणारी 'घर्रर' खड्ड्यांना जुमानत नसेल आणि वळणावर कमीजास्त होत असेल, तर ते सस्पेन्शनच नव्हे. चाकाचे बेअरिंग होय. वळताना, वेग देताना होणारी 'टकटक' चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याची. अर्थात यातले काहीही अंतिम नाही. शब्द संशयिताचे नाव सुचवतो. पुरावा द्यावा लागतो तो चाचणीने, आणि चाचणी एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज थांबला, तर आवाज थांबतो. कारण मात्र कळत नाही.

आवाजाला नाव दिल्याने निदान शक्य होते, याचा जगातील सर्वात प्रसिद्ध दाखला वैद्यकात आहे. ऑस्ट्रियातील वैद्य औएनब्रुगर याने १७६१ साली छातीवर बोटांनी ठोकून आतील स्थिती ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तो खानावळवाल्याचा मुलगा. पिपात मद्य किती उरले आहे, हे ठोकून पाहण्याची रीत त्याने घरीच पाहिली असावी, असे सांगितले जाते. पुढे १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेकने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. पण ते उपकरण म्हणजे त्याचे निम्मेच काम. नळीतून जे ऐकू आले, त्याला नावेच नव्हती. १८१९ च्या ग्रंथात त्याने ती घडवली आणि ती घडवताना स्वयंपाकघर धुंडाळले. एका आवाजाचे वर्णन त्याने तापलेल्या भांड्यात मीठ तडतडावे तसा, असे केले. एका वैद्याने ऐकलेले दुसऱ्या वैद्याला कळू लागले, ते या शब्दांमुळे. नळी असती आणि शब्द नसते, तर प्रत्येक वैद्य आपापल्या कानात कोंडून राहिला असता.

लाएनेकला जे शब्द घडवावे लागले, त्या जातीचे शब्द मराठीत आयते आहेत. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) अनुकरणवाचक म्हणून खूण केलेल्या शब्दांची रेलचेल आहे. दाते-कर्वे यांच्या १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या महाराष्ट्र शब्दकोशातही अशा शब्दांना मोठी जागा आहे. हे कोशकार ऐकत होते. मराठी मुलुखात गिरण्या आल्या, एस. टी. आली, मोटारी आल्या, ट्रॅक्टर आले. त्या प्रत्येक यंत्राने जुन्या ध्वनिशब्दांना नवे, काटेकोर अर्थ दिले. ते अर्थ कोणी टिपले? १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने शास्त्रांचे परिभाषाकोश सिद्ध केले आणि ते काम मोठे आहे. पण परिभाषाकोश वस्तूंची नावे देतो, बिघाडाचे आवाज देत नाही. विद्यापीठीय मराठी विभागांनी बोलींचा अभ्यास केला तो लोकगीते, उखाणे, म्हणी यांच्या अंगाने. गॅरेजमधील वऱ्हाडी कोणी ऐकली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली, याचा आनंद आम्हांसही आहे. मात्र अभिजातपण शिलालेख आणि ताडपत्रांत जेवढे शोधायचे, तेवढेच आजच्या बोलण्यातील नेमकेपणात राखायचे असते. तसे न केल्यास सत्कार होईल आणि भाषेला घरघर लागलेली कोणाला ऐकूही येणार नाही.

यावर काही आक्षेप संभवतात. पहिला असा, की आता कानांची गरजच काय, यंत्रे आहेत. पुण्याची एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था १९६६ पासून काम करते आहे, आणि वाहनाचा आवाज, कंप व खडबड मोजण्याच्या प्रयोगशाळा तिथे आहेत. शोधकार्यासाठी गाडीच्या खाली निरनिराळ्या जागी चिमट्यांनी मायक्रोफोन अडकवून, चालत्या गाडीत एकेक जागा ऐकता येईल, अशी साधनेही बाजारात मिळतात. हे सर्व खरे आहे. पण मायक्रोफोन कुठे अडकवायचा, हे कोण ठरवणार? संशय आधी शब्दांत मांडावा लागतो. आणि गंमत अशी, की आवाजाच्या गुणवत्तेवर काम करणारे अभियंते आजही माणसांचे गट बसवून त्यांना आवाज ऐकवतात आणि शब्दांच्या जोड्या देऊन तो कसा वाटतो ते विचारतात. मोबाइलवर आवाज टिपून पाठवण्याची नवी रीत उपयोगी आहे, पण अपुरी आहे. तो मायक्रोफोन मुख्यतः माणसाच्या बोलण्यासाठी केलेला; खोल 'धप्प' त्याच्या हाती नीट लागत नाही, आणि रस्ता, वेग, ब्रेक, वळण हा सगळा संदर्भ तर त्यात येतच नाही.

दुसरा आक्षेप असा, की हे शब्द व्यक्तिनिष्ठ आहेत. एकाची खडखड ती दुसऱ्याची कटकट. आक्षेपात तथ्य आहे, पण त्यावरील उपाय शब्द टाकून देणे हा नव्हे. ते पडताळून, घासूनपुसून घेणे हा होय. गुऱ्हाळातला जाणता माणूस काकवीची तार पाहून पाक झाला की नाही हे सांगतो, तेव्हा त्याचा शब्द व्यक्तिनिष्ठ नसतो. पुष्कळ लोकांनी, पुष्कळ वेळा, परिणामाशी ताडून तो पक्का केलेला असतो. गॅरेजचे शब्द तसेच पक्के होऊ शकतात. मात्र ज्याने आवाज ऐकला, ज्याने भाग उघडला आणि ज्याने शब्द लिहिला, ते तिघे एकमेकांशी बोलले पाहिजेत.

तिसरा आक्षेप आमच्याच व्यवसायबंधूंचा असेल : यात साहित्य कुठे आहे? त्यांना एकच क्रियापद दाखवावेसे वाटते. एखादी कविता वाचताना आपण म्हणतो, 'इथे काहीतरी खटकते'. हा 'खट' सैल सांध्याचाच आहे. कान आधी नोंद घेतो, कारण मागाहून कळते. खरी समीक्षा त्या खटकण्यापाशी थांबून विचारते, की नेमके कुठे? एकदाच की वारंवार? ही ओळ काढून वाचली तर थांबते काय? आपल्याकडील बरीचशी समीक्षा मात्र त्या सेवा केंद्रासारखी वागते. तक्रार ऐकताच कागदावर 'आत्मनिष्ठ', 'दुर्बोध', 'महानगरीय संवेदना' असे दोन-तीन शब्द टंकते आणि सर्वात सामान्य भाग बदलून मोकळी होते. सिद्धान्त नवा बसतो. खटकणे तसेच राहते. विद्यार्थी तीन वर्षांत वाद आणि प्रवाह शिकतात, पण समोरच्या ओळीत काय वाजते ते त्यांना विचारले, तर मार्गदर्शिकेची पाने उलटू लागतात. ऐकण्याचे हे शिक्षण कवितेला वेगळे आणि मोटारीला वेगळे असते, असे आम्हांस वाटत नाही.

आणि मोटारीच्या बाबतीत हा केवळ अभिरुचीचा प्रश्न उरत नाही. लिंक रॉड सैल राहिला तर डोके दुखते. बॉल जॉइंट सैल होत होत वाटीतून निखळला, तर चाक वाकडे होऊन गाडी जागीच कोसळते किंवा हातची जाते. दोन्हींचा आवाज सुरुवातीला बारीकच असतो. 'आपल्या रस्त्यांवर गाडी वाजायचीच' असे म्हणत काचा वर करून गाण्याचा आवाज वाढवणारा माणूस या दोहोंत फरक करू शकत नाही. आमच्या भागात भाड्याने चालणाऱ्या, दाटीवाटीने भरलेल्या गाड्या रोज धावतात. त्यांच्या चालकांना 'खट्‌कन' आणि 'कटकट' यांतील भेद कळणे, ही प्रवाशांच्या सुरक्षिततेची बाब आहे.

म्हणून काही सूचना. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकवला जातो. तिथे प्रत्येक बिघाड मुद्दाम घडवून, त्याचा आवाज डोळे झाकून ओळखण्याचा तास असावा आणि त्या आवाजांची नावे मराठीत, स्थानिक बोलीत नोंदवावीत. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमात कार्यप्रशिक्षणाला स्थान मिळाले आहे. मराठीच्या विद्यार्थ्यांना कुठे पाठवावे, हा प्रश्न विभागांपुढे असतो. वृत्तपत्र कार्यालये आणि मुद्रणालये ठीकच आहेत. पण दोन विद्यार्थी महिनाभर गॅरेजात बसून, गिऱ्हाईक आवाजाचे वर्णन कसे करते आणि शेवटी निघते काय, एवढी दोन रकान्यांची वही ठेवतील, तर त्या वहीला शब्दकोशाच्या पुरवणीचे मोल येईल. आणि सेवा केंद्रांनी तक्रारपत्रावर 'नॉईज' या एका शब्दाऐवजी पाच प्रश्न मराठीत छापावेत : टोला की घासणे? एकदा की वारंवार? कोणत्या वेगात? ब्रेकने, वळणाने, पावसाने बदलतो काय? एक चाक चढवले तर, की दोन्ही? यास कसलेही भांडवल लागत नाही.

उरला आमचा वर्ग. ध्वनिदर्शक शब्दांची यादी काढून टाकावी, असे आम्ही म्हणत नाही. ती फक्त उलटी फिरवावी. शिक्षकाने 'घंटेचा?' असे विचारायचे आणि मुलांनी एका सुरात 'घणघणाट!' म्हणायचे, हे पुरे झाले. त्याऐवजी फळ्यामागे काहीतरी वाजवावे आणि विचारावे : काय वाजले? कशावर वाजले? किती वेळा? कशाने थांबेल? उत्तर चुकले तरी चालेल, पण प्रत्येक उत्तरासोबत ते पडताळण्याची एक युक्ती मुलांनी सांगितली पाहिजे.